घरी शुगर तपासताना आकडा कुठे चुकतो? या चुका टाळा

“मशीन काहीबी दाखवूलालंय, बदलून द्या,” म्हणत कोणी ना कोणी आमच्या औषधाच्या दुकानात येतंच. एका काकांना सकाळी १४२ दिसतं आणि पाच मिनिटांनी १६१. एका मावशींची घरची शुगर लॅबच्या रिपोर्टशी जुळत नाही. कोणाला दोन दिवस ११० आणि तिसऱ्या दिवशी एकदम २६० दिसून झोप उडालेली असते. मशीन हातात घेतलं, पट्ट्यांची डबी उघडून पाहिली, दोन-चार प्रश्न विचारले, की बहुतेक वेळा कळतं की मशीन ठीक आहे. चूक पट्टीत असते, बोटावर असते, नाहीतर वेळेत असते.

नुसता चुकीचा आकडा दिसल्याने काही बिघडत नाही. त्या आकड्यावर भरवसा ठेवून माणूस पुढे जे करतो त्याने बिघडतं. कोणी गोळी अर्धी करतं, कोणी इन्सुलिन मनानेच दोन युनिट वाढवतं. कोणी मशीनला खोटं ठरवून खरोखर वाढलेली शुगर महिनोन्‌महिने तशीच राहू देतं, ते तर सगळ्यात वाईट. एक पट्टी ब्रँडनुसार साधारण पंधरा ते पंचवीस रुपयांना पडते. शेतमजुरी करणाऱ्या घरात हे पैसे थोडे नाहीत. म्हणून माझं सांगणं एकच असतं: फक्त गोळ्या चालू असतील तर दिवसातून चार वेळा कशीही तपासू नका, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मोजक्या वेळीच तपासा, पण अशी तपासा की त्या आकड्यावर निर्णय घेता येईल. इन्सुलिन घेणाऱ्यांना, गरोदर बाईला आणि वारंवार शुगर उतरणाऱ्यांना जास्त वेळा तपासावं लागतं, तिथे काटकसर करू नका.

लागोपाठ दोनदा तपासून घाबरणं

आधी त्या १४२ आणि १६१ बद्दल. घरच्या ग्लुकोमीटरसाठी आयएसओ १५१९७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे शुगर १०० किंवा त्याहून जास्त असेल तर शंभरपैकी किमान ९५ आकडे लॅबच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असले पाहिजेत. शुगर १०० च्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅमच्या आत. (शुगरचा आकडा म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम ग्लुकोज आहे ते.) म्हणजे खरी शुगर १५० असताना चांगल्या मशीनने १२८ दाखवलं किंवा १७२ दाखवलं, तरी ते मानकात बसतं. १४२ आणि १६१ हे दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात. तिसरी पट्टी लावून त्यांची सरासरी काढत बसू नका.

दुसरी पट्टी वापरायची ती आकडा आणि शरीर यांचं जमत नसेल तेव्हा. दरदरून घाम फुटलाय आणि मशीन १९० दाखवतंय, किंवा अंगात काहीच फरक नाही आणि मशीन ४५ दाखवतंय, अशा वेळी हात धुऊन पुन्हा तपासा.

हात न धुता टोचणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो.

पट्टीला रक्त किती लागतं? ब्रँडनुसार साधारण अर्धा ते एक मायक्रोलिटर. शुगर १०० असेल तर अर्ध्या मायक्रोलिटर रक्तात ग्लुकोज असतं अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे वीस लाख भाग केले तर त्यातला एक. एवढ्याशा थेंबात बोटावरचं डोळ्याला न दिसणारं ग्लुकोज मिसळलं तरी १३० चे २५० व्हायला वेळ लागत नाही. अथणीकडची द्राक्षं खाल्ली, आंबा कापला, केळं सोललं, गुऱ्हाळात गुळाची ढेप हाताळली, मध चाटला आणि तसंच बोट टोचलं, तर मशीन फळाची नाहीतर गुळाची साखर मोजतं. गुळात आणि काकवीत उसाच्या साखरेबरोबर मोकळं ग्लुकोजही असतं. हंगामात गुऱ्हाळावर काम करणाऱ्यांची किंवा घरात लाडू-करंज्या वळणाऱ्या बायकांची शुगर अचानक उसळलेली दिसली, तर माझा पहिला प्रश्न हातांबद्दलच असतो.

स्पिरिटचा बोळा फिरवला म्हणजे झालं असं अनेकांना वाटतं. फळाचा रस त्याने पूर्ण निघत नाही. शिवाय स्पिरिट वाळायच्या आत टोचलं तर ते रक्तात मिसळून आकडा बिघडवतं. सॅनिटायझरचंही तेच. साबण आणि पाण्याने हात धुवा, स्वच्छ कापडाने पूर्ण कोरडे करा, मग टोचा. पाण्याचा थेंब बोटावर राहिला तर रक्त पातळ होऊन शुगर कमी दिसते.

बसमध्ये आहात, शेतात आहात, पाणी नाही, अशा वेळी पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाका आणि दुसरा थेंब पट्टीला लावा. मात्र हाताला फळ किंवा गूळ लागलेला असेल तर दुसऱ्या थेंबानेही भागत नाही. बाटलीतलं घोटभर पाणी बोटावर ओता, बोट कोरडं करा आणि मगच तपासा.

पट्ट्यांची डबी उघडी टाकणं

आमच्या बेळगाव जिल्ह्यात जांबोटी, कणकुंबी, लोंढा, गुंजी या भागात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत इतकी ओल असते की भिंतींना बुरशी धरते आणि काडेपेटी पेटत नाही. याच काळात तिकडून “पट्ट्याच खराब निघाल्या” अशी तक्रार वाढते. पट्ट्या चांगल्याच निघालेल्या असतात, त्या घरी गेल्यावर खराब होतात.

पट्टीच्या टोकाला एक एन्झाइम सुकवून बसवलेलं असतं. रक्तातल्या ग्लुकोजशी त्याची क्रिया होते, त्यातून अगदी बारीक विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि मशीन तो मोजतं. ओल लागली की उघड्या डब्यातल्या पापडासारखी पट्टीही सादळते. फरक एवढाच की पापड हाताला कळतो, पट्टी दिसायला तशीच राहते आणि चुकीचा आकडा देते, कधी जास्त, कधी कमी. म्हणून डबीच्या झाकणात किंवा आतल्या भिंतीत ओल शोषून घेणारा पदार्थ घातलेला असतो. डबी तासभर उघडी राहिली तर तो पदार्थ खोलीतली ओल ओढत बसतो आणि पट्ट्यांच्या वाट्याला काही उरत नाही.

तेव्हा एक पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावायचं, आणि मग बोट टोचायचं. पट्टी ओल्या हाताने काढायची नाही. अर्ध्या पट्ट्या कागदात गुंडाळून भावाला देणं, सगळ्या पट्ट्या स्टीलच्या डब्यात ओतून ठेवणं, नवीन डबीतल्या पट्ट्या जुन्या डबीत भरणं, हे सगळं बंद करा. दोघांना तपासायचं असेल तर प्रत्येक पट्टी स्वतंत्र चांदीच्या कागदात बंद असलेला प्रकार मिळतो. तो थोडा महाग पडतो, पण मुसळधार पावसाच्या गावांना मी तोच घ्यायला सांगतो.

काहीजण पट्ट्या जपायच्या म्हणून फ्रिजमध्ये ठेवतात. तसं करू नका. गार डबी बाहेर काढून उघडली की आत दव धरतं. बहुतेक पट्ट्यांना ३० अंशांपर्यंतचं तापमान चालतं, डबीवर ते छापलेलं असतं. बेळगाव शहरात हे सहज जमतं. अथणी, कागवाड, रायबाग या कृष्णाकाठच्या तालुक्यांत एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात जमत नाही, आणि उन्हात उभ्या मोटारसायकलच्या डिकीत तर कुठेच जमत नाही. घरातली सगळ्यात गार, कोरडी जागा शोधा. देवघराचं कपाट चालेल. चुलीवरची फळी आणि न्हाणीघराजवळचा कोनाडा चालणार नाही.

डबीवर दोन तारखा सांभाळायच्या असतात. एक छापील एक्सपायरी. दुसरी तुम्ही स्वतः लिहायची: डबी ज्या दिवशी उघडली ती तारीख. उघडल्यानंतर काही ब्रँड तीन महिने चालतात, काही सहा, ते माहितीपत्रकात दिलेलं असतं. आठवड्यातून एकदाच तपासणाऱ्याने पन्नास पट्ट्यांची डबी स्वस्त पडते म्हणून घेतली, तर ती संपायला जवळजवळ वर्ष लागतं. त्याने पंचवीसचीच घ्यावी.

पट्ट्यांवर संशय असेल तर कंट्रोल सोल्युशन मागा. हे ठरावीक ग्लुकोज असलेलं द्रावण असतं. रक्ताऐवजी त्याचा थेंब लावायचा आणि आलेला आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत बसतो का ते पाहायचं. प्रत्येक दुकानात ते ठेवलेलं नसतं, सांगून मागवावं लागतं. मशीन बदलायचा खर्च करण्याआधी हा छोटा खर्च करा.

बोट चुकीच्या ठिकाणी टोचणं आणि पिळणं

निपाणीला विड्या वळणाऱ्या बायकांची बोटं, संकेश्वरला मिरचीचे देठ खुडणाऱ्यांची बोटं, ऊस तोडणाऱ्यांची बोटं पुढून घट्टे पडून टणक झालेली असतात. त्यावर बरोबर मधोमध सुई मारली तर रक्त येत नाही. मग खोल मारायची, तरी थेंब लहान, मग बोट मुळापासून पिळायचं. जोरात पिळल्यावर रक्ताबरोबर आजूबाजूच्या मांसातलं पाणी बाहेर येतं आणि शुगर खरीपेक्षा कमी दिसू शकते.

बोटाच्या टोकाची बाजू वापरा. तिथे कातडी मऊ असते, रक्तपुरवठा चांगला असतो आणि दुखतंही कमी. मधलं, अनामिका आणि करंगळी ही बोटं बरी, अंगठा आणि तर्जनी कामाला लागतात म्हणून सोडा. दर वेळी बोट बदला. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हात गारठलेले असतात, तेव्हा कोमट पाण्याने धुवा, हात खाली सोडून अर्धा मिनिट झुलवा आणि मग टोचा. टोचण्याच्या पेनावर १ ते ५ असे खोलीचे आकडे असतात, लहान आकड्यापासून सुरुवात करून आपल्या बोटाला कोणता पुरतो ते ठरवा. मिरचीचं काम करणाऱ्यांनी हात तेल लावून, मग साबणाने धुवावेत, नाहीतर टोचल्या जागी आग होते.

सुई, म्हणजे लॅन्सेट, दर वेळी नवी वापरायची. पुन्हा पुन्हा वापरली की टोक बोथट होतं, जास्त दुखतं, आणि दुखतं म्हणून तपासणीच टाळली जाते. एकाची सुई दुसऱ्याला मात्र कधीही नाही, नवरा-बायकोतसुद्धा नाही. टोचण्याचं पेनही प्रत्येकाचं वेगळं हवं. हेपेटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात शरीराबाहेर किमान सात दिवस टिकतो. गल्लीतल्या मंडळाच्या किंवा जत्रेतल्या शिबिरात शुगर तपासून घेताना समोरच्याने तुमच्यासमोर नवी सुई फोडली का, हे बघा, आणि नसेल फोडली तर स्पष्ट सांगा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत साठवा आणि बाटली भरली की दवाखान्यात द्या. कचरा उचलणाऱ्या अक्कांच्या हातात त्या घुसतात.

“उपाशीपोटी” आणि “जेवणानंतर” यांचा हिशोब चुकवणं

उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय काही नाही. दुधाचा चहा घेतला, बरोबर एक खारी खाल्ली, मग ती उपाशीपोटीची शुगर राहत नाही. साखर न घातलेला दुधाचा चहासुद्धा चालत नाही.

जेवणानंतरचे दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून. हात धुऊन उठल्यापासून नाही. लग्नाच्या पंगतीत किंवा गप्पा मारत तास-तास जेवण चालतं, तिथे हा फरक मोठा पडतो. नऊला पहिला घास घेतला तर अकराला तपासा. साधारण उद्दिष्ट जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असं धरतात, पण वय झालेल्यांसाठी, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांसाठी डॉक्टर ते सैल ठेवतात आणि गरोदरपणात कडक करतात. तुमचं उद्दिष्ट तुमच्या डॉक्टरांकडून डायरीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

तपासणीच्या आदल्या दोन दिवशी भात सोडायचा, गोड बंद करायचं, संध्याकाळी दुप्पट चालायचं, आणि रिपोर्ट चांगला आला की समाधान मानायचं, हे घरोघरी चालतं. काहीजण उलट, तपासणीच्या दिवशी गोळीच घेत नाहीत, “बिनऔषधाची खरी शुगर कळू दे” म्हणून. दोन्हींमुळे डॉक्टर चुकीचं औषध लिहितात. रोज जे खाता ते खाऊन, रोजची गोळी रोजच्या वेळी घेऊन जेवणानंतरची शुगर तपासा. उपाशीपोटीच्या तपासणीला जाताना मात्र जेवणाबरोबरची गोळी आधी घेऊ नका, रक्त दिल्यावर नाश्त्याबरोबर घ्या.

आणखी एक तक्रार: रात्री झोपताना १३०, काही न खाता सकाळी १७०. पहाटे शरीर काही हार्मोन सोडतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, त्यामुळे हे होऊ शकतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी अशा वेळी मनाने रात्रीचा डोस वाढवू नये. डॉक्टर एक-दोन रात्री तीन वाजता तपासायला सांगतील, त्यावरून कारण कळतं.

लॅबशी चुकीची तुलना करणं

सकाळी सातला घरी तपासली, साडेनऊला लॅबमध्ये रक्त दिलं, आणि दोन आकडे जुळले नाहीत म्हणून मशीन खराब. अडीच तासांत शुगर बदलते. तुलना करायची तर मशीन लॅबमध्ये घेऊन जा, उपाशीपोटी, आणि शिरेतून रक्त काढायच्या आधी दोन-चार मिनिटांत बोटाची तपासणी करा. जेवणानंतर तुलना करू नका, कारण तेव्हा बोटातल्या रक्तात शिरेतल्या रक्तापेक्षा साखर जास्त असते.

लॅबचा आकडाही नेहमी निर्दोष नसतो. खानापूर किंवा हुक्केरीच्या कलेक्शन सेंटरमध्ये घेतलेलं रक्त बेळगावला तपासायला जातं. साध्या नळीत ते तसंच पडून राहिलं तर रक्तातल्या पेशी साखर खात राहतात आणि तासाला साधारण ५ ते ७ टक्के शुगर कमी होते. म्हणून शुगरसाठी करड्या टोपणाची, फ्लोराइड असलेली नळी वापरतात. आपलं रक्त कोणत्या नळीत घेतलं ते पाहायला आणि विचारायला हरकत नाही.

अंगात रक्त कमी असेल तर मात्र खरंच दोन्हीकडे गोंधळ होतो. लाल पेशींचं प्रमाण खूप खाली गेलं की अनेक घरगुती मशीन शुगर खरीपेक्षा जास्त दाखवतात. लोह कमी असल्यामुळे झालेल्या ॲनिमियात तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणीही खरीपेक्षा जास्त येऊ शकते. उलट नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवलं असेल तर ती कमी येऊ शकते. आपल्याकडे बायकांमध्ये ॲनिमिया सर्रास आहे, तेव्हा शुगरबरोबर हिमोग्लोबिनचा रिपोर्टही डॉक्टरांसमोर ठेवा. एचबीए१सी ७ टक्के म्हणजे सरासरी शुगर साधारण १५४ असते. तुमच्या घरच्या आकड्यांशी ती अजिबात जुळत नसेल, तर यातलं काही कारण आहे का ते डॉक्टरांना विचारा.

मशीन आणि सिरिंज घेताना

मशीन स्वस्त म्हणून घेऊ नका, पट्टी बघून घ्या. ऑफरमधलं मशीन घरी येतं आणि दोन महिन्यांनी त्याची पट्टी ना निपाणीत मिळते ना चिकोडीत. गावापासून जवळच्या दुकानात ती पट्टी कायम असते का, हे आधी विचारा. जनऔषधी केंद्रातही मशीन आणि पट्ट्या मिळतात. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलच्या पट्ट्या वेगळ्या असतात, त्यामुळे कोल्हापूरला किंवा गोव्याला जाणाऱ्या पाव्हण्याकडून मागवताना डबीचा फोटो पाठवा. काही मशीनमध्ये डबीवरचा कोड नंबर जुळवावा लागतो किंवा डबीबरोबरची चिप घालावी लागते. नवी डबी, जुना कोड, असं झालं तर आकडा चुकतो. सुट्ट्या पट्ट्या आणि सील तुटलेली डबी कोणी कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नका.

इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात शुगर आपल्यासारखी मिलिग्रॅममध्ये नाही, मिलिमोल या वेगळ्या मापात मोजतात. तिकडून मुलाने आणलेलं मशीन ७.२ दाखवतं. त्याला १८ ने गुणा, म्हणजे सुमारे १३० होतात. ७.२ हा आकडा एचबीए१सी समजून डॉक्टरांना सांगू नका.

सिरिंजची चूक सगळ्यात घातक आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक यू-४० च्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनातलं इन्सुलिन यू-१०० असतं. सिरिंजही दोन: यू-४० ची लाल टोपणाची, यू-१०० ची केशरी टोपणाची. यू-१०० इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात जातं ५० युनिट, अडीच पट. त्याने माणूस बेशुद्ध पडू शकतो. उलट यू-४० इन्सुलिन केशरी टोपणाच्या सिरिंजने घेतलं तर २० ऐवजी ८ युनिटच मिळतात आणि शुगर का उतरत नाही ते कळत नाही. दुकानदाराने सिरिंज दिली की बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा तिथेच जुळवून पाहा. दुकानदाराला घाई असली तरी पाहा.

मशीनवर आकड्याऐवजी काही भलतंच आलं तर

एरर आला की बहुतेक वेळा रक्त कमी पडलेलं असतं, पट्टी वापरलेली असते किंवा ओली असते. पट्टीच्या टोकाला थेंब नुसता टेकवा, ती स्वतः रक्त ओढून घेते. वरून चोपडू नका, आणि कमी पडलं म्हणून मागाहून दुसरा थेंब घालू नका. मशीन खूप गार किंवा तापलेलं असेल तर वीस मिनिटं घरात ठेवा. सेल बदलल्यावर तारीख-वेळ पुन्हा लावा, नाहीतर मशीनमधली जुनी नोंद डॉक्टरांच्या उपयोगाची राहत नाही.

“हाय” आणि “लो” हे एरर नाहीत. बहुतेक मशीनमध्ये “हाय” म्हणजे शुगर ६०० च्या वर आणि “लो” म्हणजे साधारण २० च्या खाली. “हाय” आलं तर हात धुऊन लगेच दुसऱ्या पट्टीने तपासा. पुन्हा तेच आलं तर उद्याची वाट पाहू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा. उलट्या, धाप किंवा गुंगी असेल तर दुसऱ्या पट्टीतही वेळ घालवू नका.

दंडावर चिकटवायचा सेन्सर लावणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: तो रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. रात्री त्याच कुशीवर झोपलं तर दाबामुळे खोटी कमी शुगर दाखवू शकतो. शंका आली की बोट टोचून खात्री करा.

आकडा न लिहिणं

सीमाभागात एकाच पेशंटचे कागद तीन ठिकाणी फिरतात. आरोग्य केंद्राचं कार्ड कन्नडमध्ये, बेळगावच्या लॅबचा रिपोर्ट इंग्रजीत, आणि पुढचा सल्ला मिरजेला किंवा कोल्हापूरला मराठीत. डायरी अशी ठेवा की तिन्हीकडे वाचता येईल. तारीख, वेळ आणि शुगर इंग्रजी अंकांत लिहा, कारण देवनागरी किंवा कन्नड अंक तिन्हीकडे वाचता येतीलच असं नाही. जेवणाआधी की नंतर यासाठी साधी खूण ठरवा आणि ती पहिल्या पानावर समजावून ठेवा. शेजारी एका शब्दात कारण लिहा: उपास, ताप, जत्रा, भांगलण, गोळी चुकली. आकड्यांपेक्षा त्या शब्दांवरून डॉक्टरांना जास्त कळतं. तपासणीसाठी पैसे नसतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीच्या पुढच्या सगळ्यांची शुगर आणि रक्तदाब तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. आशा ताईंना दिवस विचारा आणि तोही आकडा याच डायरीत लिहा.

शुगर उतरल्यावर मशीन शोधत बसणं

हात थरथरतात, घाम येतो, छाती धडधडते, बोलणं अडखळतं. मशीन हाताशी असेल तर तपासा, ७० च्या खाली असेल तर शुगर उतरली आहे. मशीन दुसऱ्या खोलीत असेल किंवा पट्टी सापडत नसेल तर शोधत बसू नका, आधी साखर द्या. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्ध्या पेल्या पाण्यात, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा द्या. मग भाकरी, भात, जे असेल ते थोडं खायला द्या.

इथे आपल्याकडे हमखास कुंदा किंवा करदंट ही इथली मिठाई पुढे केली जाते, कारण घरात ते असतं. त्यातल्या दुधा-तुपामुळे साखर रक्तात हळू पोचते. ते नंतर. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही शुगरची गोळी चालू असेल तर साखर आणि गूळही उशिरा लागू पडतात, त्यांच्या घरात ग्लुकोज पावडरचा डबा असलाच पाहिजे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा.

आषाढी एकादशीला, श्रावणी सोमवारी, नवरात्रात शुगर उतरलेले पेशंट जास्त दिसतात: उपास धरलेला असतो आणि गोळी मात्र नेहमीची घेतलेली. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपासाच्या आधीच डॉक्टरांना विचारून त्या दिवसाचा डोस ठरवून घ्या. या गोळ्यांचा परिणाम लांबतो, म्हणून एकदा साखर देऊन बरं वाटलं तरी शुगर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, विशेषतः म्हाताऱ्या माणसांची आणि किडनी अधू असलेल्यांची. त्या रात्री त्यांना एकटं झोपू देऊ नका, घरातल्या कोणीतरी दर दोन-तीन तासांनी उठून तपासा, आणि दुसऱ्या दिवशी पुढची गोळी घेण्याआधी डायरी घेऊन डॉक्टरांकडे जा.